मुद्राचित्रांतील गतयुद्धे : प्रबोधनकालीन रोम आणि महाराष्ट्र – एक तौलनिक अभ्यास

सारांश :

इतिहासाच्या अध्यापनात युद्धचित्रांचा वापर सर्रास होतो. मात्र ही चित्रे बहुधा त्या युद्धानंतर दशकांनी किंवा शतकांनी काढलेली असतात, याचे भान वर्गात क्वचितच राखले जाते. १५व्या व १६व्या शतकांत इटलीतील मुद्राचित्रकारांनी प्राचीन रोमन युद्धांची चित्रे काष्ठठशांवर आणि ताम्रपट्टांवर कोरून छापली. १९व्या शतकात महाराष्ट्रातही मराठ्यांच्या गतवैभवाची चित्रे शिळाछापावर छापली जाऊ लागली. या दोन प्रयत्नांची तुलना करून छापील युद्धचित्राचे इतिहास-साधन म्हणून मूल्य ठरविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : मुद्राचित्र, प्रबोधनकाल, ट्राजनचा स्तंभ, कवायती पायदळ, असईची लढाई, चित्रशाळा, वीरगळ.

प्रस्तावना :

युद्ध संपते, सैनिक मरतात, शस्त्रे गंजतात. पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचतात ती वर्णने आणि चित्रे. वर्णनाकडे इतिहासकार संशयाने पाहतो. बखरीतील आकडा तो जसाच्या तसा स्वीकारत नाही. तो पत्रव्यवहाराशी ताडून पाहतो. चित्राच्या बाबतीत मात्र हा संशय गळून पडतो. पाठ्यपुस्तकात छापलेला योद्धा तसाच दिसत असे, अशी विद्यार्थ्याची आणि पुष्कळदा शिक्षकाचीही समजूत होते. वस्तुतः जुन्या युद्धाच्या छापील चित्रात दोन काळ एकत्र आलेले असतात. एक चित्रविषयाचा आणि दुसरा चित्र छापणाऱ्याचा. या दोहोंना वेगळे कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) प्रबोधनकालीन इटलीतील मुद्राचित्रकारांनी रोमन युद्धाचे चित्रण कोणत्या साधनांच्या आधारे केले, याचा शोध घेणे.
२) या चित्रांतील व ग्रंथांतील रोमन युद्धविद्येचा प्रत्यक्ष सैन्यव्यवस्थेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) महाराष्ट्रातील युद्धे व छापील चित्रे यांच्या परस्परसंबंधाचे स्वरूप पाहणे.
४) मराठवाड्यातील वीरगळांचे युद्धेतिहासाचे दृश्य साधन म्हणून महत्त्व विशद करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. तुलना करताना प्रत्येक चित्रासमोर एकच प्रश्न ठेवला आहे : चित्रकाराच्या डोळ्यांपुढे त्या युद्धाचा कोणता अवशेष होता?

रोमन युद्धाचे अवशेष आणि इटलीतील मुद्राचित्रकार :

इटलीतील चित्रकारांच्या सुदैवाने रोम शहरात युद्धाचा एक विलक्षण दगडी दस्तऐवज उभा होता. सम्राट ट्राजनने इ. स. १०१–१०२ आणि १०५–१०६ या काळात डेशियावर, म्हणजे आजच्या रुमानियाच्या प्रदेशावर, दोन स्वाऱ्या केल्या. त्यांच्या स्मरणार्थ इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या स्तंभाची चौथऱ्यासह उंची सुमारे ३८ मीटर आहे. त्याभोवती वेलीसारखी वर चढत जाणारी शिल्पपट्टी उलगडली तर ती सुमारे २०० मीटर लांब भरेल. तिच्यावर अडीच हजारांहून अधिक मनुष्याकृती आहेत. त्यात केवळ हातघाईची लढाई नाही. सैनिक पूल बांधतात, झाडे तोडतात, छावणीची तटबंदी रचतात, जखमींवर उपचार करतात. डोक्यावर ढालींचे छत धरून तटाकडे सरकणारी ‘कासव’ नावाची रचनाही तेथे दिसते. डेशियाचा राजा डेसिबेलस याने पकडले जाण्यापूर्वी केलेला आत्मघातही शिल्पकाराने वगळलेला नाही.

अडचण एवढीच, की खाली उभ्या असलेल्या माणसाला या पट्टीचा वरचा भाग नीट दिसत नाही. १६व्या शतकाच्या आरंभी याकोपो रिपांदा या चित्रकाराने स्वतःला दोरांनी लोंबकळत ठेवून स्तंभाची रेखाटने केली, असा समकालीन वृत्तान्त आहे. पुढे १५७६ साली अल्फोन्सो चाकोन या स्पॅनिश विद्वानाचा डेशियन युद्धांवरील ग्रंथ रोममध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकार जिरोलामो मुझियानो यांच्या पुढाकाराने त्यासाठी सुमारे १३० ताम्रपट्टचित्रे तयार झाली. जे शिल्प पाहण्यासाठी रोमला जावे लागे आणि तेथे जाऊनही जे पूर्ण दिसत नसे, ते आता दूरच्या शहरातील वाचकाच्या मेजावर उलगडले.

सर्वच चित्रकार अवशेषांवर विसंबले नाहीत. रोबेर्तो वाल्तुरिओ यांचा युद्धविद्येवरील ग्रंथ १४७२ साली व्हेरोना येथे काष्ठठशांच्या चित्रांसह छापला गेला. त्यात प्राचीन युद्धयंत्रांच्या बरोबरीने अजगराच्या आकाराचे एक काल्पनिक वेढायंत्रही आहे. आंद्रेआ मांतेन्या याने मांतुआच्या राजघराण्यासाठी ज्युलियस सीझरच्या विजययात्रेची नऊ भव्य चित्रे रंगविली. त्यासाठी त्याने शिल्पे, नाणी आणि विद्वानांचे ग्रंथ यांचा मिळून उपयोग केला. हत्ती, लुटीचे कलश, खांबावर टांगलेली चिलखते यांनी भरलेली ही मिरवणूक त्याच्या परिवारातील कोरणीकारांनी ताम्रपट्टांवर उतरविली. १५९९ साली आंद्रेआ आंद्रेआनी याने तिच्या अनेक छटांच्या काष्ठठसा-प्रती काढल्या. मूळ चित्रे राजवाड्यात राहिली आणि पुढे इंग्लंडच्या राजाने विकत घेतली. छापील प्रती मात्र युरोपभर पसरल्या. रोममधील प्रकाशक अंतोनियो लाफ्रेरी प्राचीन अवशेषांची सुटी छापील पाने विकत असे. प्रवासी आपापल्या आवडीने ती निवडून संग्रह बांधून घेत. युद्धाचे चित्र याप्रमाणे राजाश्रयातून बाजारात आले.

येथे तंत्राचाही विचार केला पाहिजे. ताम्रपट्टावर रेषा कोरण्याची कला सोनारांच्या कोरीवकामातून विकसित झाली. रेषा स्पष्ट, धारदार आणि मोजकी असावी लागते. त्यामुळे चिलखताची कड, ढालीवरील चिन्ह, शिरस्त्राणाचा तुरा हे तपशील उठून दिसतात. धूळ, धूर, गोंधळ आणि भय हे मात्र रेषेत सहज सापडत नाहीत. छापील युद्ध हे प्रत्यक्ष युद्धापेक्षा नेहमीच अधिक स्वच्छ दिसते. त्यातील काही अंश हेतूचा असला, तरी काही अंश केवळ साधनाचा आहे.

चित्रातून कवायतीकडे :

या चित्रांना केवळ पुराणवस्तूंची हौस मानणे योग्य ठरणार नाही. मॅकियाव्हेलीने १५२१ मधील आपल्या युद्धकलेवरील ग्रंथात रोमन व्यूहांच्या आकृत्या दिल्या, त्या इटलीच्या तत्कालीन सैन्याची दुर्दशा पाहून. सुप्रसिद्ध वास्तुकार आंद्रेआ पाल्लादिओ याने १५७५ साली व्हेनिस येथे सीझरच्या युद्धवृत्तान्ताची सचित्र आवृत्ती काढली. तिच्यातील चाळीसहून अधिक ताम्रपट्टचित्रांच्या तयारीत त्याच्या दोन मुलांचा, लिओनिदा व ओरात्सिओ यांचा, वाटा होता. दोघेही १५७२ मध्ये निवर्तले आणि पित्याने ते काम प्रसिद्ध केले. या चित्रांत उंचावरून पाहिल्यासारखी रणभूमी दिसते. सैन्याचे चौकोन शिस्तीने मांडलेले असतात आणि त्यांच्यावर उभ्या भाल्यांचे रान असते. हे रान सीझरच्या रोमपेक्षा १६व्या शतकातील भालाईत पलटणींची अधिक आठवण करून देते. चित्रकार भूतकाळ रेखाटत होता; पण त्याच्या मनापुढे स्वतःच्या काळाचे सैन्य उभे होते.

या अभ्यासाचा परिणाम पुढे रणांगणावर दिसला. १५९४ साली नेदरलँड्समध्ये विलेम लोडेवाइक याने आपला चुलतभाऊ मॉरिस याला एक पत्र लिहिले. प्राचीन ग्रंथातील कवायतीवरून बंदूकधाऱ्यांच्या रांगांनी आळीपाळीने गोळी झाडून मागे जावे, अशी रचना त्याने आकृतीसह सुचविली. पुढच्याच वर्षी युस्टुस लिप्सिउस यांचा रोमन सैन्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६०७ साली याकोब द गेन याचे शस्त्र-कवायतीवरील पुस्तक छापले गेले. त्यातील ११७ चित्रांत बंदूक आणि भाला हाताळण्याची एकेक क्रिया क्रमाने दाखविली आहे. प्राचीन सैन्याचे वाचन, आकृती आणि छापील चित्र या मार्गाने युरोपात कवायती पायदळाची नवी शिस्त रुजली. तिची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी हे एक कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

मराठवाड्याच्या भूमीवरील कवायती पायदळ :

ही युरोपीय शिस्त १८व्या शतकात दख्खनमध्ये आली. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झालेले गारदी पायदळ आधी निजामाकडे आणि मग मराठ्यांकडे आले. इब्राहिमखान गारदी हे त्यातील ठळक नाव. १७६० च्या उदगीरच्या लढाईत आणि पुढच्या वर्षी पानिपतावर त्याच्या पलटणी सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढल्या. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉयन याला चाकरीस घेऊन कवायती ‘कंपू’ उभे केले. ‘गारदी’, ‘कंपू’, ‘पलटण’ हे मराठीत रुळलेले शब्द या स्थित्यंतराची साक्ष देतात.

मराठवाडा या काळात सतत रणभूमी होता. बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी पुन्हा मराठे व निजाम समोरासमोर आले. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व तेथे पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते. खेळणा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने नदी ओलांडली. तेव्हा या पलटणींनी आपली संपूर्ण आघाडी फिरवून नव्या दिशेला तोंड केले. खेळणा आणि जुई या नद्यांमधील अरुंद पट्ट्यात झालेल्या या लढाईत इंग्रजांच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक ठार वा जखमी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. ज्या कवायतीचा एक दूरचा धागा रोमन सैन्याच्या वाचनापर्यंत जातो, ती मराठवाड्याच्या काळ्या मातीत दोन्ही बाजूंनी वापरली गेली.

या लढाईचे छापील चित्र कोणी काढले? विल्यम हीथ या इंग्रज चित्रकाराच्या रेखाटनावरून स्टॅडलर याने कोरलेले असईचे मुद्राचित्र प्रसिद्ध आहे. लढाईच्या वेळी हीथ दहा वर्षांचाही नव्हता. चित्राच्या केंद्रस्थानी घोड्यावर स्वार झालेला आणि सैन्याला आज्ञा देणारा वेलस्ली आहे. ट्राजनच्या स्तंभावरही सम्राट पन्नासहून अधिक वेळा दिसतो आणि प्रत्येक वेळी तो शांत व निश्चयी असतो. सेनापतीला मध्यभागी ठेवण्याची ही रीत रोमन शिल्पांतून प्रबोधनकाळात आणि तेथून युरोपीय युद्धचित्रात रुजली. त्यामुळे असईचे चित्र पाहताना असई किती आणि ही रूढ मांडणी किती, हे वेगळे करणे आवश्यक ठरते. पोलमनच्या पलटणींनी आघाडी फिरविण्याची जी कठीण हालचाल केली, ती समजण्यासाठी या चित्रापेक्षा लढाईचा नकाशा आणि इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रे अधिक उपयोगी पडतात.

चित्रशाळा आणि मराठी इतिहासचित्रे :

महाराष्ट्रात धातूवर कोरण्याचे कौशल्य नव्हते असे नाही. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात तांबट कारागिराकडून छपाईचे ठसे कोरून घेण्याचा प्रयत्न झाला. नानांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली तेथे ताम्रपट्टांवरून भगवद्गीता छापली गेली. इटलीतील सोनार आणि पुण्याचा तांबट यांचे हात एकाच तऱ्हेचे काम जाणत होते. परंतु ज्या काळात ही कला येथे छपाईकडे वळली, त्याच काळात राज्य हातचे जात होते. मराठ्यांचे समकालीन मुद्राचित्र मराठी कारागिराच्या हातून घडण्याचा योग हुकला. शिवाजी महाराजांचे एक आरंभीचे छापील चित्र डच लेखक व्हॅलेंटिन याच्या १७२४–२६ मधील ग्रंथात येते, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

पुढची संधी शिळाछापाने दिली. हे तंत्र १८व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निघाले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा सुरू केली. त्याच वर्षी का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्यासमवेत त्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिकही सुरू केले आणि त्यातून जुन्या बखरी व कागदपत्रे छापली जाऊ लागली. एकाच वर्षी जुने शब्द आणि जुनी रूपे दोन्ही छापखान्यात आणण्याचा हा प्रयत्न होता. पराभूत समाजाला त्याचा इतिहास परत मिळवून देणे, ही त्यामागची प्रेरणा स्पष्ट आहे. इटलीतही चित्र असेच होते. परकीय सैन्यांनी तुडविलेल्या देशातील विद्वान प्राचीन रोमच्या शस्त्रसामर्थ्याकडे आशेने पाहत होते.

मात्र साम्य येथेच थांबते. चित्रशाळेने रामपंचायतनासारख्या देवादिकांच्या चित्रांबरोबर शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस यांची चित्रे घरोघर पोहोचविली. पुढे १८९४ मध्ये स्थापन झालेल्या रविवर्मा छापखान्याने हा प्रसार आणखी वाढविला. या चित्रांचा भर व्यक्तिचित्रावर आणि दरबारी थाटावर राहिला. प्रत्यक्ष युद्धाचा व्यवहार, म्हणजे कूच, छावणी, रसद, बाजारबुणगे, वेढा, तोफखान्याचे बैल, यांना त्यांत फारसे स्थान मिळाले नाही. १६व्या शतकातील इटालियन चित्रकार सैनिक पूल कसा बांधतो हे पाहत होता. पुण्याचा शिळाछाप चित्रकार वीरपुरुषाचे दर्शन घडवीत होता. एकाचा उद्देश कार्यपद्धती समजून घेण्याचा, तर दुसऱ्याचा आदर जागविण्याचा होता. दोन्ही उद्देश आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु आदरासाठी छापलेले चित्र पुढे पुरावा म्हणून वापरले गेले, तर इतिहासाची हानी होते.

वीरगळ : न वाचलेला स्तंभ :

महाराष्ट्रातील चित्रकारांपुढे ट्राजनच्या स्तंभासारखा अवशेष नव्हता, असे कोणी म्हणेल. ते पूर्णतः खरे नाही. मराठवाड्यातील गावोगावी, मारुतीच्या पारावर, वेशीपाशी, पडक्या महादेवाच्या मंदिराभोवती वीरगळ उभे आहेत. सामान्यतः त्यांच्यावर तीन किंवा चार चौकटी असतात. सर्वांत खाली लढाई किंवा गोधन वाचविताना आलेले मरण, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत ढाल धरण्याची रीत, तलवारीचा बाक, धनुष्याची उंची, घोड्याचा साज, केसांची बांधणी असे तपशील असतात. बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. तिचा संबंध शिलाहार व यादव यांच्यातील १३व्या शतकातील संघर्षाशी जोडला जातो.

स्तंभ आणि वीरगळ यांत एक मूलभूत फरक आहे. स्तंभ सम्राटाचा आहे. वीरगळ पुष्कळदा गावासाठी मेलेल्या माणसाचा आहे. त्याच्यावर बहुधा नावही नसते. बखर आणि शिळाछाप या दोहोंनी ज्याला वगळले, त्याचे युद्ध या दगडावर आहे. वीरगळांच्या कोरणीतही रूढ साचे आहेत, हे येथे मान्य केले पाहिजे. एका तालुक्यातील अनेक दगड शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय साचा कोणता आणि निरीक्षण कोणते हे कळणार नाही. म्हणूनच त्यांची पद्धतशीर रेखाटने होणे आवश्यक आहे.

या ठिकाणी रोमचा धडा महत्त्वाचा आहे. ट्राजनच्या स्तंभाचे संगमरवर वारा, पाऊस आणि आधुनिक शहराच्या धुराने झिजले. जुनी मुद्राचित्रे आणि १९व्या शतकात घेतलेले प्लास्टरचे साचे यांच्या आधारे आज त्यातील काही तपशील ताडून पाहता येतात. असा एक साचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कॉन्स्टँटिनोपलमधील आर्केडियसचा स्तंभ तर १८व्या शतकात पाडला गेला. त्याचे शिल्प आज मुख्यतः १६व्या शतकातील रेखाटनांमुळे माहीत आहे. मराठवाड्यातील वीरगळांवर शेंदराचे आणि तैलरंगाचे थर चढतात, जीर्णोद्धारात ते पायात जातात, रस्ता रुंद होताना बाजूला फेकले जातात. त्यांचा चाकोन अजून व्हायचा आहे.

निष्कर्ष :

१) जुन्या युद्धाचे छापील चित्र हे ज्या काळात छापले गेले त्या काळाचे प्राथमिक साधन आणि ज्या युद्धाचे आहे त्याचे दुय्यम साधन असते.

२) प्रबोधनकालीन मुद्राचित्रांचे मूल्य एकसारखे नाही. स्तंभासमोर बसून केलेली चित्रे, ग्रंथावरून कल्पिलेली चित्रे आणि समकालीन सैन्याच्या नमुन्यावर बेतलेली चित्रे यांत भेद केला पाहिजे.

३) प्राचीन सैन्याच्या अभ्यासाने युरोपात कवायतीला चालना दिली आणि त्या कवायतीची परंपरा गारदी व कंपू यांच्या रूपाने दख्खनमध्ये आली. उदगीर व असई या लढाया या व्यापक इतिहासाचा भाग म्हणून शिकविता येतील.

४) चित्रशाळेच्या इतिहासचित्रांनी समाजाचा आत्मविश्वास जागविला. त्यांचे ते ऐतिहासिक कार्य मान्य करूनही १७व्या व १८व्या शतकांतील शस्त्रे, वेश आणि रणपद्धती यांचा पुरावा म्हणून त्यांचा वापर करू नये.

५) इतिहासाच्या प्रत्येक वर्गात चित्र दाखविताना ते कोणी, केव्हा आणि काय पाहून काढले, हे तीन प्रश्न विचारले जावेत.

६) सिरसाळा परिसरासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांना रोमचा स्तंभ गाठणे दुष्कर असले, तरी आसपासच्या गावांतील वीरगळ विद्यार्थ्यांच्या पायवाटेवर आहेत. मोजमाप, छायाचित्र, प्रमाणबद्ध रेखाटन आणि स्थाननोंद एवढ्या साध्या साधनांनी हे काम प्रकल्प म्हणून करता येईल. दगडावरील खालची चौकट झिजण्यापूर्वी ते व्हावे, हीच या अभ्यासाची मुख्य शिफारस आहे.